पुढचे दोन दात

पितांबरचे वरचे पुढचे दोन दात हलत होते, आणि बॅण्डमध्ये कॉर्नेट फुंकणाऱ्याचं सगळं भांडवल तेवढंच असतं. नंदुरबारच्या डॉक्टरनं महिन्यापूर्वीच ते काढायला सांगितले होते. पितांबरनं आषाढातल्या कार्यक्रमापर्यंत मुदत मागून घेतली. त्यानंतर वाजवणं कायमचं बंद, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

कार्यक्रम शहाद्याच्या मंगल कार्यालयात. लग्नसराई संपली की निवृत्त संगीतशिक्षक रतिलाल सर आपला पायानं भाता मारायचा जुना ऑर्गन तिथे आणवत. ठरलेलं गाणं एकही नाही. सर मनाला येईल ते वाजवणार आणि बॅण्डनं तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. चाळीस वर्षं पितांबर वरातीपुढे वाजवत आला. तिथे कोण मेलं ऐकतंय? इथे लोक खुर्च्यांवर बसून ऐकत. यंदा तर म्हसावदहून त्याची बायको भिकुबाईही पहिल्यांदा आली होती. चणे आले तेव्हा दात नाहीत, म्हणतात ते असं.

पहिली दोन उत्तरं त्यानं कशीबशी निभावली. मग सरांनी एक उदास, लांबलचक जागा घेतली आणि पितांबरकडे पाहून थांबले. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. त्यानं फुंकलं. दात आत कलला, वारा बाजूनं निसटला, तोंडात रक्ताची चव आली. सूर निघालाच नाही.

शेजारी आफताब होता, त्याच्याच हाताखाली तयार झालेला ट्रम्पेटवाला. कुणाला दिसू नये म्हणून त्यानं ट्रम्पेट गुडघ्याकडे झुकवला, मान न वळवता ती जागा उचलली आणि अशी रंगवली, की सभागृह चिडीचूप झालं. पितांबर कॉर्नेट ओठाला लावून नुसती बोटं हलवत राहिला. टाळ्या पडल्या त्या त्याला. लोकांनी त्यालाच उभं केलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी तो उभा राहिला. आफताबही टाळ्या वाजवत होता.

परतताना एसटी स्टँडवर भिकुबाई त्याच्याजवळ सरकली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "चाळीस वरीस व्हयनात, तुमनं वाजाडनं आयकस मी. पन आजनामायक आख्ख्या जनममा नही वाजाडं तुम्ही."

चाळीस वर्षांत तिनं त्याला कधी नावाजलं नव्हतं. खरं काय ते पितांबरच्या ओठांपर्यंत आलं. पण उद्या दात जाणार होते, आणि मग तिच्याकडे त्याच्या वाजवण्याचं म्हणून एवढंच उरणार होतं.

"हां," तो म्हणाला, आणि तोंडातलं रक्त त्यानं गिळलं.