पेडलची असोबी

बावीस वर्षं मी विद्यापीठात जपानी शिकवते आहे, आणि राग कायम माझ्या नाकावर असतो हे शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. यंदा प्रमुखांनी फर्मान काढलं : नुसतं व्याकरण बंद, एखादा विषय घ्या आणि त्यातूनच भाषा शिकवा. ऐकणाऱ्याला विषय कळला तर गुण. मी त्यांना चांगलंच सुनावलं, पण ऐकतंय कोण. वर्गाने विषय निवडला गाडीची देखभाल. मी कपाळाला हात लावला. हॉर्न सोडला तर गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही.

वर्गात 'पाना' होती. वडिलांचं गॅरेज, नखांत कायम काळं, म्हणून मैत्रिणींनी पाडलेलं नाव. दोनदा नापास झालेली, दोन्ही वेळा माझ्याच हातून. जपानीत शब्दामागे 'वा' प्रत्यय लावायचा की 'गा', यात तिची जन्माची गल्लत. तिने तोंड उघडलं की दुसऱ्याच शब्दाला मी अडवायचे. ही तिची शेवटची संधी होती. यंदा गेली तर अभ्यासक्रमातून नावच कमी होणार होतं.

तिसऱ्या आठवड्यात आम्ही एका गाडीचं जपानी माहितीपुस्तक वाचत होतो. 'ब्रेकच्या पेडलची असोबी तपासा.' आता असोबी म्हणजे खेळ, हे पहिल्या धड्यातलं पोरही सांगेल. मी ऐटीत फळ्यावर लिहिलं : पेडलशी कोणी खेळत नाही ना, ते पाहा. मागे खसखस पिकली. हसणारी पाना होती. एवढं येतंय तर पुढे येऊन सांग, असं मी तिला फटकारलं.

ती आली आणि टेबलाखाली पाय दाबून दाखवू लागली.

"मॅडम, हा प्ले. पेडल दाबलं की आधी थोडं नुसतंच खाली जातं ना, तो. तो ठेवावाच लागतो. नाहीतर पाय काढला तरी ब्रेक लागलेलाच राहतो, गाडी पुढे सरकत नाही."

मला लाज वाटली. फळा पुसून मी तिचा अर्थ लिहिला, पण 'चुकलं' हा शब्द काही तोंडातून निघाला नाही.

तोंडी परीक्षेला तिने ब्रेकच घेतले. शेजारी प्रमुख बसलेले. पहिल्याच वाक्यात तिने 'वा'च्या जागी 'गा' ठोकला आणि थांबली, आता मी अडवणार म्हणून. दुरुस्ती माझ्या जिभेवर आली होती. मी ती गिळली आणि पुढे बोल अशी मान हलवली. ती सात मिनिटं बोलली. अकरा चुका झाल्या. सवयच वाईट, मोजल्याच मी. पण ब्रेक कसा लागतो ते मला कळलं, चक्क मला. प्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. मी 'उत्तीर्ण' लिहिलं.

दारातून ती परत फिरली. "मॅडम, आज अडवलं नाहीत?"

"जरा असोबी ठेवली," मी म्हटलं. "दोन वर्षांपूर्वीच ठेवायला हवी होती. चुकलं माझं."

ती हसली, मग रडायलाच लागली, आणि काळ्या नखांनी डोळे पुसत वडिलांना फोन लावायला बाहेर गेली.