डोरीनचा तळहात

बेसबॉलपटू लाईल कुचेराच्या चेंडूचा वेग टीव्हीवाले यंत्राने मोजत, आणि वेस्ट टाबर गाव मोजायचं त्याच्या बहिणीच्या तळहातावरून. यंत्रावर गावाचा फारसा विश्वास नव्हता. ते शहरातल्या लोकांनी बनवलेलं. डोरीनचा तळहात गावातच वाढलेला.

लाईल नऊ वर्षांचा आणि डोरीन चौदाची होती, तेव्हापासून तो कोठारामागे चेंडू फेकायचा आणि ती उकिडवी बसून झेलायची. दुसरं झेलणार तरी कोण? बापाचे गुडघे गेलेले, शेजारी मैलभर लांब. तिच्या डाव्या हाताचं पहिलं बोट तेव्हा वाकडं झालं ते वाकडंच राहिलं. लाईल पुढे मोठ्या संघांत गेला, सोळा हंगाम खेळला, दोन लग्नं करून दोन्ही मोडून बसला. पण ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी, चर्चच्या सुगीच्या जत्रेला, तो घरी यायचाच. त्याचा संघ बहुतेक वेळा तोवर हरून मोकळा झालेला असे, ही गावाची सोय.

जत्रेत वर्गणी देईल त्याने बॅट घेऊन उभं राहायचं. लाईलने त्याला तीन चेंडू टाकायचे, डोरीनने झेलायचे. सगळं आटोपलं की तिने हात बर्फाच्या बादलीत घालायचा आणि मग वर काढून गावाला दाखवायचा. बिटासारखा लाल, टम्म सुजलेला. टाळ्या पडायच्या आणि डुकराचं मांस, कोबी असं जेवण सुरू व्हायचं.

त्या वर्गणीवर व्हॅन चालायची. त्यांच्या वडिलांची मूत्रपिंडं गेली तेव्हा साठ मैलांवर डायलिसिसला नेता नेता घरच्यांच्या नाकी नऊ आले होते. ते गेल्यावर लाईलने गावासाठी व्हॅन घेऊन दिली. पांढरीशुभ्र, आणि बाजूला हात उगारलेल्या लाईलचं भलंमोठं चित्र. व्हॅन दिली लाईलने, चालवली डोरीनने. अकरा वर्षं. सकाळी पेशंट न्यायचे, दुपारी परत आणायचे, आणि मग धान्याच्या गोदामावर वजनकाट्याशी रात्री आठपर्यंत बसायचं. गावात कुणी विचारलं, तर व्हॅन ‘लाईलची’ असंच सांगत. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता, पण वाईट हेतू नसला म्हणून पाठ दुखायची थांबत नाही.

या वर्षी जुलैतच संघाने लाईलला घरी पाठवलं होतं. तीन महिने तो तिच्याकडे राहत होता. दुपारी उठायचा, खांद्याला गरम पिशवी लावून सोफ्यावर पडायचा. आज, जत्रेच्या दिवशी, मात्र तो सकाळी सातलाच स्वयंपाकघरात आला.

“मेक्सिकोतून फोन आलाय,” खसखस भरलेल्या गोड पावाचा, कोलाचेचा, मोठा घास तोंडात कोंबत तो म्हणाला. “हिवाळी स्पर्धा. पोहोचलो की लगेच खेळायचं म्हणतायत. आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचंय.”

“गिळ आधी, मग बोल. खांद्याचं काय?”

“खांदा ठीक आहे.”

“डॉक्टर म्हणतो की तू म्हणतोस?”

“डॉक्टर गेला खड्ड्यात. डोरी, ऐक ना. आज झेलशील तेव्हा मला खरं सांग. आहे का अजून काही, की संपलं. तू सांगशील तसं करीन. तू माझ्याशी कधी खोटं बोलली नाहीस.”

ते खरं होतं. त्याच्या चेंडूबद्दल ती कधी खोटं बोलली नव्हती. वर्तमानपत्रं त्याला डोक्यावर घेऊन नाचत होती त्या वर्षीही तिने फोनवर सांगितलं होतं, ‘कोपर खाली पडतंय गाढवा, आवर.’ तेव्हा तो चार दिवस बोलला नव्हता आणि पाचव्या दिवशी त्याने कोपर वर घेतलं होतं.

पण आज गोष्ट वेगळी होती. कारण तीही त्याला काही सांगायचं ठरवून बसली होती. ती थकली होती. झोपून उठल्यावर उतरतो तसला थकवा नाही, हाडात मुरलेला. व्हॅन आता दुसऱ्या कुणी न्यावी, एवढंच तिला म्हणायचं होतं, आणि गावात त्या वेळेला मोकळं असं दुसरं कुणी नव्हतं. लाईल मेक्सिकोला गेला की सगळं तिच्याच गळ्यात राहणार. तो राहिला, तर कदाचित नाही.

म्हणजे आता ‘संपलं’ असं सांगायचं झालं, तर ते त्याच्यासाठी सांगतेय की स्वतःच्या झोपेसाठी, हे तिचं तिलाच कळणार नव्हतं. आणि त्याला कळलं तर तो जन्मभर तेच धरून बसेल.

“बघू,” ती म्हणाली. “शर्ट बदल, त्यावर कालचा सॉस सांडलाय.”

चर्चमागच्या मैदानावर माईक घेऊन एमिल खाटीक उभा होता. दरवर्षी तोच असायचा, आणि दरवर्षी बॅट घेऊन पहिला उभाही तोच राहायचा. पलीकडे निम्मा मका कापून झाला होता, निम्मा उभा होता.

डोरीन उकिडवी बसली. गुडघे कटकन वाजले. बापाचा जुना हातमोजा तिने घातला. त्यातली गादी केव्हाच झिजली होती, म्हणून ती आत भांडी घासायचा स्पंज ठेवत असे. स्पंज असूनही दरवर्षी दहाव्या चेंडूला तिच्या डोळ्यांत पाणी यायचं.

लाईलने पहिला चेंडू टाकला. तो आला, मोज्यात बसला.

तिला काही लागलंच नाही. पहिला आहे, त्याचा हात गरम व्हायचाय, असं तिने मनाला समजावलं. दुसरा, तिसरा. एमिलने तिन्ही वेळा बॅट हवेत गरगरवली आणि स्वतःच घसरून पडल्यासारखं केलं. “मेलो!” तो माईकवर ओरडला. “दिसलाच नाही! कुणाला दिसला का?”

“तुला तुझी बायको तरी कुठे दिसते,” बाकावरून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

मग एकेक जण आला. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, पोस्टातली बाई, व्हॅनमधून डायलिसिसला जाणारे म्हातारे नोवोत्नी, त्यांनाही दोन जणांनी धरून उभं केलं. सगळे हुकले. पंधरा जण झाल्यावर लोक गलका करत असताना डोरीनने हळूच स्पंज काढून खिशात टाकला. आता चामडं आणि तळहात यांच्यामध्ये काहीही नव्हतं. पुढचा चेंडू आला, आणि शेजाऱ्याने अंगणातून लिंबू टाकावं तसा तिच्या हातात पडला.

तेव्हा तिने मान वर करून बॅट धरणाऱ्यांकडे नीट पाहिलं. चेंडू पोहोचायच्या आधीच ते बॅट फिरवत होते. चेंडू कुठे येतोय ते दिसत होतं आणि बॅट मुद्दाम दुसरीकडे जात होती. सगळ्या गावाला ठाऊक होतं. गाव मूग गिळून हुकत होतं, आणि तिला एकदम रडू आलं, रागाने की मायेने ते समजेना.

फक्त शाळेत नवीन आलेल्या मास्तरणीला कुणी सांगायचं विसरलं होतं. मिस आल्विना ब्लोम. बिचारीने आयुष्यात बॅट धरली नसावी. तिने डोळे मिटून फिरवली आणि चेंडू लाईलच्या डोक्यावरून थेट उभ्या मक्यात गेला.

मैदान चिडीचूप झालं.

“वारा!” एमिल माईकवर ओरडला. “वाऱ्याने नेला! काय वारा सुटलाय!”

मक्याचं पान हलत नव्हतं. मास्तरणीला वाटलं आपलं काही चुकलं, ती “सॉरी, सॉरी” म्हणत बॅट टाकून गेली. लाईलने डोरीनकडे पाहिलं. तिने काय करावं? तिने मोजा काढला, हात झटकला, तोंड वेडंवाकडं करून तळहातावर फुंकर मारली. जणू आग होतेय.

लाईलचा चेहरा उजळला. ते पाहून तिला स्वतःची लाज वाटली.

सगळं आटोपल्यावर तिने हात बादलीत घातला. दरवर्षी पाच मिनिटं पुरायची. आज तिने वीस मिनिटं ठेवला. हात बधिर झाला, मग दुखायला लागला, मग पुन्हा बधिर. बर्फाने का होईना, लाल झाला. तिने तो वर काढला. गावाने टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच वाजवल्या, आणि सगळे जेवायला पांगले. तिने हात पुन्हा बादलीत घातला, कुणाशी बोलावं लागू नये म्हणून.

लाईल शेजारच्या खुर्चीत येऊन बसला.

“सांग.”

“आहे अजून,” ती म्हणाली.

“हात दे.”

“बर्फात आहे.”

“डोरी, हात दे.”

त्याने तिचं मनगट धरून हात बाहेर काढला. लाल, ओला, गार. त्याने अंगठ्याने वाकड्या बोटाच्या मुळाशी दाबलं. तीस वर्षं त्याचे चेंडू तिथेच लागत आले होते. जत्रेनंतर आठवडाभर तिथे कपाचा कान टेकला तरी ती ओरडायची. आज त्याने दाबलं, आणखी जोरात दाबलं. हात तसाच, सपाट, सूज नावालाही नाही. तिला कळलं तेव्हा ओरडायची वेळ निघून गेली होती.

त्याने हात सोडला नाही.

“कुठल्या चेंडूपासून?” त्याने विचारलं.

“पहिल्या.”

“मग तोंड का वेडंवाकडं केलंस? मी ‘हो’ कळवणार होतो. तिकडे परक्यांनी माझं हसं केलं असतं. तुला काय मिळणार होतं?”

“काही नाही! तू जाणार होतास, त्यात मला काय मिळणार होतं?” तिचा आवाज चढला. “खरं सांगितलं असतं, तर तू म्हणाला असतास, हिला व्हॅनला ड्रायव्हर हवाय म्हणून सांगतेय.”

“हवाय का?”

“हो.” तिने नाक पुसलं. “हवाय. मी दमलेय, लाईल. फार दमलेय.”

समोर मैदानाच्या कडेला व्हॅन उभी होती. तिच्यावरचा लाईल हात उगारून ताठ उभा होता, अकरा वर्षांनी तरुण. खरा लाईल उजवा खांदा डाव्या हाताने चोळत होता.

“सोमवारी किती वाजता निघते ती?”

“पावणेपाच.”

“पहाटे?” तो तिच्याकडे वळला. “सोमवारी काही खास आहे?”

“सोमवार, बुधवार, शुक्रवार. नेहमीच पावणेपाच. सहाला डायलिसिसच्या पहिल्या खुर्च्या भरतात तिथे.”

“बर्फ पडतं तेव्हा?”

“तेव्हा चार.”

त्याने मान खाली घातली. त्याचं चित्र लावून ती गाडी इतकी वर्षं फिरत होती आणि ती किती वाजता निघते हे त्याला आज कळत होतं. त्याचे कान लाल झाले. लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचे तसे.

“नोवोत्नींना पुढची सीट लागते,” डोरीन म्हणाली, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं. “आणि रेडिओ लावायचा नाही. येताना सगळ्यांना मळमळतं.”

लाईलने डावा हात पुढे केला. ती किल्ली काढायला गेली, पण बोटं बर्फाने इतकी आखडली होती की खिशात नुसतीच चाचपडत राहिली, स्पंज तेवढा वर आला. शेवटी त्यानेच तिच्या खिशात हात घातला आणि किल्ली काढून घेतली.