आत्याच्या नाण्यावरची खूण

संग्रहालयातल्या नाणेपारख्याला सगळे भिंगोबा म्हणत. त्याला लहानाचं मोठं करणारी आत्यासुद्धा. तीच आत्या सकाळपासून त्याच्या खोलीबाहेरच्या बाकावर ठाण मांडून बसली होती. आपलं एकुलतं एक चांदीचं नाणं तिने संग्रहालयाला भेट दिलं होतं. काचेमागे ते नाणं आणि त्याखाली स्वतःचं नाव पाहिल्याशिवाय ती हलणार नव्हती.

घोडं अडलं होतं नाण्यावरच्या एका खुणेपाशी. चांदी अस्सल आहे ना, हे पाहायला जुन्या काळच्या सराफाने मारलेला ठसा असेल, तर नाणं काचेत. नुसताच मार लागलेला असेल, तर वितळवायला मुशीत. संग्रहालयाचा नियमच तसा होता.

एरवी भिंगोबाला हे एका नजरेत कळे. ठशाच्या कडा उभ्या असतात, भोवतीची चांदी वर येते, आणि नाणं ऐरणीवर असल्याने मागची बाजू तेवढीच चपटते. आपटल्याची खूण मात्र एकीकडे खोल आणि दुसरीकडे घसरलेली. या खुणेची डावी कड उभी होती, उजवी घसरलेली. मागची बाजू चपटली होती खरी, पण जरा सरकून.

“झालं का रे?” आत्याने दारातून डोकावून विचारलं.

“खात्री होत नाहीये, आत्या.”

“तुझ्या बापालाही बोहल्यावर खात्री नव्हती. तू झालासच ना?”

‘ठसा’ एवढं लिहिलं की आत्या खूश झाली असती. पण न दिसलेलं भिंगोबाने आजवर कधी लिहिलं नव्हतं. त्याने गावातल्या सगळ्यात जुन्या पेढीच्या सराफाला बोलावलं.

सराफाने नाणं तळहातावर घोळवलं, टेबलावर ठेवलं, पिशवीतून पणज्याचा ठसा काढला आणि भिंगोबाने तोंड उघडायच्या आत हातोडी हाणली. ठण्!

“अहो, हे काय केलंत!”

“पारखलं. शंकेचं नाणं हातात घेऊन कोरंच परत द्यायचं? पूर्वजांना तोंड कसं दाखवू? चांदी उत्तम आहे.”

“चांदीचं कोण विचारतंय? जुनी खूण तुमच्या पेढीची आहे का?”

“छे! आमची ही.” सराफाने ताज्या खुणेवर बोट ठेवलं. “ती चुलतभावाकडची असेल. त्यांचा हात मुळातच तिरका.”

चुलतभाऊ आला. सराफाची ताजी खूण पाहून त्याने नाक मुरडलं. “यानं पारखलंय? मग पुन्हा पारखलंच पाहिजे.” ठण्! त्याचा ठसा सराफाच्या ठशावर अर्धा चढला. सराफाने उसळून दुसरा मारला. भांडण मिटवायला दोघांचेही व्याही लागणारे एक गृहस्थ आले, तेही सराफच. मध्यस्थी म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंना सारखे ठोके घातले.

आत्या आत येऊन कौतुकाने बघत राहिली. “बरंच पसरलंय की! माझ्याकडे इतकं मोठं नव्हतं.”

ठणठणाट ऐकून संग्रहालयाचे साहेब आले. “मार आहे की ठसा, एवढंच सांगा.”

भिंगोबाने भिंग लावलं. राजाचा चेहरा गेला होता, अक्षरं गेली होती. जुन्या खुणेच्या जागी व्याह्यांचा ठसा ऐटीत बसला होता.

“मार पुष्कळ खाल्लाय, साहेब. पण दिसतो तो सगळा सराफांच्या हातचा.”

“म्हणजे ठसेच.”

“दिसतात ते.”

“न दिसणाऱ्याचं मी विचारलेलं नाही. लिहा.”

भिंगोबाने हातातली लेखणी दोनदा खाली ठेवली. पुन्हा बाकावर जाऊन बसलेल्या आत्याच्या वहाणांचा अधीर आवाज येत होता. शेवटी त्याने दिसलं तेवढंच लिहिलं: ‘सराफी ठसे पुष्कळ. चांदी अस्सल. नाणं कोणतं, ते कळत नाही.’ त्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि त्याचंच त्याला फार वाईट वाटलं.

कप्प्यात नाणं मावेना, म्हणून सुताराने कप्पा तासला. आत्याने भाच्याच्या हातातलं भिंग ओढून घेतलं आणि काचेला नाक लावून पाटीवरचं स्वतःचं नाव सावकाश वाचलं. मग पुन्हा वाचलं.

“नाणं पण बघ ना, आत्या.”

“ते जन्मभर बघितलंय. माझं नाव कुठे लिहिलेलं बघितलं होतं मी?”

मागे तिन्ही सराफ कोणाचा ठसा वर आलाय यावरून पुढे पुढे सरकत होते. तिने वळून त्यांना कोपराने ढोसलं.

“व्हा बाजूला! नावावर सावली पडतेय तुमची.”