किल्ल्यातल्या माझ्या बाहुल्या

दादाचा फोन आला तेव्हाच मी ओळखलं, आईला कशाला तरी नाही म्हणायचंय आणि ते काम माझ्या गळ्यात पडणार. आई दादाकडे राहते. तिची औषधं, तिचं पेन्शन, तिची खोली, सगळं दादा बघतो आणि ते दिवसातून एकदा तरी बोलून दाखवतो. नाही म्हणायची वेळ आली की मात्र त्याला बहीण आठवते.

"नामी, आई म्हणते किल्ल्यावर जायचंय," तो म्हणाला. "ह्या वयात. तू येऊन समजव तिला."

मी शाळेच्या मुलांचं जेवण बनवणाऱ्या स्वयंपाकघरात काम करते. शनिवारी सुट्टी असते, म्हणून शनिवारी गेले. आई कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बैठ्या टेबलाच्या, रजईत पाय घालून संत्रं सोलत बसली होती. हिसाए वहिनीनं चहा आणला. दादानं माझ्यापुढे वर्तमानपत्र सरकवलं.

गावच्या बातम्यांच्या पानावर फोटो होता. तोगावाच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात मुलींच्या सणानिमित्त जुन्या बाहुल्यांचं प्रदर्शन, तीन मार्चपर्यंत. लाल कापडाच्या पायऱ्या, सगळ्यांत वर राजा-राणी, खाली दासी, त्याखाली वादक. एका दासीच्या हनुवटीवर डाग होता. तो डाग मी पाडलेला आहे. लहानपणी मी तिला गोड डाळ भरवली होती आणि त्यासाठी आजीचा मार खाल्ला होता. त्या माझ्या बाहुल्या होत्या. माझ्या पहिल्या सणाला आईच्या माहेरून, क्योतोहून, आजोबांनी पाठवलेल्या.

फोटोखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, दाते: त्सुगे कात्सुयुकी.

त्सुगे कात्सुयुकी म्हणजे आमचा दादा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बाहुल्या किल्ल्यात दिल्यात हे मला ठाऊक होतं. दादानं घर नवीन बांधलं तेव्हा मी ओसाकाला नोकरीला होते. एका रविवारी त्यानं फोनवर सांगितलं की नव्या घरात खोकी ठेवायला जागा नाही, म्हणून किल्ल्यात देऊन टाकल्या. मी म्हटलं, मला विचारायचं तरी. तो म्हणाला, "तुझं लग्न नाही, मूल नाही. कुणासाठी ठेवायच्या आता?" त्याच घरात त्याच्या मासे पकडायच्या काठ्यांना स्वतंत्र कपाट आहे. पण दिल्यात आणि वर स्वतःचं नाव लावून दिल्यात, हे मला त्या शनिवारी कळलं.

"आई, हे वाचलंस?" मी विचारलं.

आईनं संत्र्याची फोड तोंडात टाकली. "राजा चुकीच्या बाजूला बसवलाय," ती म्हणाली.

"काय?"

"आमच्याकडे राजा बघणाऱ्याच्या उजव्या हाताला असतो. त्यांनी डावीकडे बसवलाय, तोक्योवाल्यांसारखा. इतकी वर्षं बिचारे एकमेकांच्या जागेवर बसलेत. मला जाऊन सांगायचंय."

मला आईचाही राग आला. मुलीची वस्तू मुलाच्या नावावर लागली, आणि हिला पडलंय राजा डावीकडे की उजवीकडे.

दादानं सगळी माहिती काढून ठेवली होती. कुठलीही गोष्ट करायची नसली की तो माहिती काढतो. प्रदर्शन दुसऱ्या मजल्यावर. मूळचा लाकडी किल्ला, त्यामुळे लिफ्ट नाही. जिना शिडीसारखा उभा. बूट खाली काढून पिशवीत घालायचे आणि मोज्यांवर चढायचं.

"घसरून पडल्या म्हणजे?" वहिनी म्हणाली. "मीच करायचं ना पुढचं."

"आणि मागे लोक खोळंबतात," दादा म्हणाला. "आपल्यामुळे लोकांना त्रास. संग्रहालयाच्या साइटवर फोटो आहेत, आईला ते मोठे करून दाखवतो. झालं."

लोकांना त्रास. आमच्याकडे हे एवढे शब्द उच्चारले की समोरच्याचं तोंड बंद होतं. मूल रडलं, लोकांना त्रास. म्हातारीला बाहेर पडावंसं वाटलं, लोकांना त्रास. हे लोक कोण, ते एकदा मला भेटायला हवेत. दादाच्या घरी नवीन घराच्या पार्टीला शेजारी मध्यरात्रीपर्यंत गात होते, तेव्हा हे लोक कुठे गेले होते कोण जाणे.

"आईला मी नेईन," मी म्हणाले. खरं तर समजवायला आले होते.

"तू नेशील? उद्या काही झालं तर जबाबदारी माझ्यावर येते, नामी. तुला बोलायला काय जातंय."

"तुझ्यावर कसली जबाबदारी? तुझं फक्त नाव लागतं."

वहिनीनं उगाचच चहाचे पेले आवरायला घेतले.

मी तिथूनच संग्रहालयाला फोन लावला. म्हटलं, आमची आई एकोणनव्वद वर्षांची आहे, तिला वर चढायला कुणी हात देईल का, किंवा लोक यायच्या आधी थोडं लवकर सोडाल का? पलीकडच्या माणसानं आधी माझे आभार मानले. मग माफी मागितली. मग एक लांब श्वास घेतला आणि म्हणाला, "ते जरा अवघड आहे हो."

आमच्याकडे जरा अवघड म्हणजे नाही. तरी मी विचारलं, "अवघड म्हणजे काय अवघड?"

त्यानं परत माफी मागितली. असं विचारलं की समोरच्याला पळायला जागा राहत नाही आणि विचारणारी बाई उद्धट ठरते. ठरू दे.

"बघ," दादा म्हणाला. "तेही तेच म्हणतात."

तेव्हा आई म्हणाली, "मी चढते. हात टेकून चढते. सवय केली आहे."

"सवय? कुठे?"

"तुमच्या जिन्यावर. हिसाए बाजाराला गेली की दोनदा वर जाते आणि दोनदा खाली येते. येताना बसून येते, एकेक पायरी."

वहिनीच्या हातातला पेला तिरका झाला. तिचा जिना पॉलिश केलेला आहे, आम्हालाही त्यावर जपून चालावं लागतं.

"पण एक आहे," आई म्हणाली. "कात्सुयुकीनं यायला हवं. त्याच्याशिवाय मी जाणार नाही."

दादाचा चेहरा लगेच बदलला. आपल्यावाचून अडतं म्हटल्यावर तो जरा फुगलाच. "मग मंगळवारी सकाळी जाऊ," तो म्हणाला. "मंगळवारी गर्दी नसते. गाडी मी काढतो." आणि मग तासभर त्यानं बेत आखला. गाडी कुठे लावायची, आईनं पाणी किती प्यायचं, संडास कुठल्या मजल्यावर. ऐकणाऱ्याला वाटलं असतं की किल्ल्यावर जायची कल्पना त्याचीच.

मी त्या रात्री घरी जाऊन चरफडत राहिले. आईचं मला समजत नव्हतं. तिला मुलगाच हवा, चढायलाही मुलगाच. आमच्याकडे म्हणतात की सण झाल्या झाल्या बाहुल्या उचलल्या नाहीत तर त्या मुलीचं लग्न लांबतं. मी आठ वर्षांची असताना आमच्या बाहुल्या एप्रिलपर्यंत मांडलेल्या राहिल्या. कारण दादाचं अपेंडिक्स फुटलं आणि आई दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून होती. आजीनं स्वतः हात लावला नाही, पण नंतर मरेपर्यंत आईला ऐकवलं. बाहुल्या राहिल्या म्हणून पोरगी राहिली. माझं लग्न का झालं नाही त्याची कारणं मला चांगली माहीत आहेत, आणि त्यात बाहुल्यांचा संबंध नाही. पण आईनं ते सगळं मान खाली घालून ऐकलं. आणि ज्याच्या आजारपणापायी हे झालं त्यानंच पुढे विचारलं, कुणासाठी ठेवायच्या.

मंगळवारी मी रजा टाकली. आई नेसून तयार होती, करड्या रंगाचा किमोनो, रबरी तळव्याचे मोजे. कमरेच्या पट्ट्यात तिनं एक लहानशी कापडी पिशवी खोचली होती. चढताना पडेल म्हणून मी ती मागितली तर दिली नाही.

मंगळवारी गर्दी नसते, हे दादाचं म्हणणं. आम्ही पोचलो तेव्हा प्रवाशांची एक अख्खी बस रिकामी होत होती. जिन्यापाशी गेलो तोवर मागे रांग लागली.

आईनं दोन्ही हात वरच्या पायरीवर टेकले आणि चढायला लागली. मी तिच्या पाठीला हात लावून मागे. दादा माझ्या मागे, आणि त्याचं तोंड रांगेकडे. "माफ करा. फार उशीर होतोय. माफ करा. आमची आई आहे. माफ करा."

"दादा, कशाची माफी मागतोस?" मी वळूनही न बघता म्हणाले. "तिनं काय चोरी केली आहे?"

"हळू बोल. लोक ऐकतात."

"ऐकू देत."

मागून एक बाई म्हणाली, "आजी, सावकाश. आम्हाला घाई नाही." बाकी कुणी काही बोललं नाही. दादाचे ते लोक शेवटी असे निघाले. आई मध्येच थांबली, दम खाल्ला, परत चढली. वर पोचल्यावर तिनं आधी केस सारखे केले.

बाहुल्या काचेपलीकडे होत्या. राजा डावीकडे. डागवाली दासी जागेवर. पाटीवर दादाचं नाव फोटोखाली होतं त्याहून मोठं. दादानं ते वाचलं आणि बाजूच्या तलवारी बघायला लागला.

आईनं कितीतरी वेळ बघितलं. तेवढ्यात संग्रहालयातली एक तरुण मुलगी लगबगीनं आली आणि वाकून म्हणाली, "मी मिझोबे. फोनवर माझ्याशी बोललात त्या तुम्हीच ना, त्सुगे आजी?"

"फोनवर?" दादा म्हणाला. "फोन तर नामीनं केला होता."

"तिनं वेगळं विचारलं, मी वेगळं विचारलं," आई म्हणाली. मग त्या मुलीला, "हाच तो, माझा मुलगा. आणलाय."

मिझोबेबाई दादाला वाकून नमस्कार करत म्हणाल्या की खरं सांगायचं तर संग्रहालयाचं कोठार भरलंय. हल्ली सगळी घरं लहान होतात आणि सगळे बाहुल्या घेऊन किल्ल्यावर येतात, नाही म्हणताना जीव मेटाकुटीला येतो. तेव्हा दात्यालाच परत हव्या असतील तर आनंदच आहे, वरिष्ठांची परवानगी घेऊन ठेवली आहे, फक्त सहीच्या जागी दात्याचा शिक्का लागेल. बोलताना त्यांचा चेहरा खरोखरच उजळला होता.

"पण मला कुठे हव्यात?" दादा म्हणाला.

"तुला नकोतच," आई म्हणाली. "तुझ्या नाहीतच त्या. मुलाला कधी असल्या बाहुल्या असतात का? तुला आजोबांनी मुलग्यांच्या सणाला शिरस्त्राण दिलं होतं, ते तुझ्या काठ्यांच्या कपाटात आहे. दान करायचं तर ते कर. या नामीच्या आहेत."

"आई, इथे नको. घरी बोलू."

"घरी इतकी वर्षं बोललो नाही, ते आता काय बोलणार?"

"आणि एकसष्टाव्या वर्षी ती काय करणार बाहुल्यांचं?"

"बघेल," आई म्हणाली. "मांडेल आणि बघेल. तू माशांच्या काठ्यांचं काय करतोस?"

पलीकडे बसमधली माणसं तलवारी सोडून आमच्याकडे बघत होती. दादानं शेवटचं हत्यार काढलं. "शिक्का घरी आहे. परत कधीतरी बघू."

आईनं कमरेची पिशवी काढली, सोडली आणि दादाचा शिक्का बाहेर काढून मिझोबेबाईंच्या टेबलावर उभा ठेवला. शेजारी लाल शाईची डबीही ठेवली. मग खुर्चीवर बसली आणि पाय जवळ घेतले.

"मार," ती म्हणाली. "मागे लोक खोळंबलेत."

दादानं शिक्का मारला. पहिला वाकडा उठला, म्हणून दुसरा मारावा लागला. शनिवारपासून मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. ती राजाच्या बाजूची गोष्ट बोलत होती कारण नावाची गोष्ट बोलली असती तर दादा किल्ल्यावर आलाच नसता.

प्रदर्शन संपल्यावर खोकी माझ्या दोन खोल्यांच्या घरी आली. आई मांडायला आली. राजाला तिनं स्वतः उजवीकडे बसवलं आणि म्हणाली, "आता बरं वाटत असेल त्याला." मार्च संपत आला तेव्हा वहिनीचा फोन आला की आता तरी उचलून ठेवा, बरं दिसत नाही. आई माझ्याकडेच होती. तिनं फोन माझ्या हातातून घेतला. "राहू देत," ती म्हणाली. "एकदा राहिल्या त्याचं पुष्कळ ऐकून घेतलं. या वेळी आम्ही मुद्दाम ठेवल्यात."

आता जून लागलाय. परवा गॅसचं मीटर बघायला माणूस आला होता. लाल पायऱ्यांकडे बघून म्हणाला, "अहो, या अजून मांडलेल्याच?"

"हो," मी म्हणाले. "माझ्या आहेत."