चित्रात न दिसलेली आत्या

मी एक जुना व्हीसीआर आहे. हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलेही नसेल, म्हणून सांगतो. जाडजूड पुस्तकाएवढी कॅसेट माझ्या तोंडात सरकवली, की तिच्यातली काळी फीत मी हळूच बाहेर ओढतो आणि तिच्यावर साठवलेले चित्र टीव्हीवर दाखवतो.

मित्रांनो, नवा होतो तेव्हा माझा काय रुबाब होता! माझ्यावर भरतकाम केलेला रुमाल असायचा. रविवारी शेजारीपाजारी खुर्च्या घेऊन यायचे. मग सीडीच्या चकत्या आल्या, मोबाइल आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे एका पालीने माझ्या तोंडात अंडी घातली. पिल्ले मोठी गोड होती. पण काम नसले, की करमत नाही हो!

शेवटी दुरुस्तीचे काम करणाऱ्या एका काकांनी मला भंगारातून उचलले. नवा रबरी पट्टा घातला आणि म्हणाले, "चला बाबा, निवृत्ती रद्द!"

आता मी त्यांच्या दुकानात माझ्याच तीन भावंडांसोबत काम करतो. लोक जुन्या कॅसेट आणतात, आम्ही त्या चालवतो आणि संगणक सगळे फाइलमध्ये उतरवून घेतो. मग ते मोबाइलवर कुठेही पाहता येते. आम्ही चौघे एकदम चालतो, म्हणून काका स्पीकर बंदच ठेवतात. आवाज उतरतो आहे की नाही, हे पडद्यावर वरखाली नाचणाऱ्या हिरव्या रेघांवरून कळते.

परवा एक आजोबा आले. बरोबर त्यांची धाकटी बहीण आणि छोटी नात होती. गळ्याच्या ऑपरेशननंतर बहिणीचा आवाज कायमचा गेला होता. नात जन्मली ती त्यानंतर. तिची आणि आत्याआजीची गट्टी सगळी खाणाखुणांवर जमलेली.

"नव्या घरात राहायला गेलो त्या दिवसाची कॅसेट आहे," आजोबा म्हणाले. "ही तरुणपणी कशी होती, ते नातीला दाखवायचंय. कॅमेरा हिच्याच हातात होता म्हणा. पण कुणीतरी क्षणभर हिच्यावर धरला असेलच ना?"

काका म्हणाले, "कॅसेटला बुरशी आलीय. पुसून देतो, पण एकदाच चालेल. पुन्हा चालेल याचा भरवसा नाही."

मी जिवाच्या कराराने ती फीत सांभाळत चाललो. पडद्यावर ट्रंका आल्या, गाद्या आल्या, दारात अडकलेले कपाट आले. तरुणपणीचे आजोबा आले, त्यांच्या पत्नी आल्या. आत्या मात्र कुठेच दिसेना.

"आत्याआजी नाहीच आहे यात," नात रडवेली झाली.

आजोबांनी सुस्कारा सोडला. "बंद करा हो. उगाच तुमचा वेळ कशाला घालवायचा?"

काकांचे बोट बटणापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

"एक मिनिट. चित्रात सगळे तोंड मिटून उभे आहेत. मग या रेघा एवढ्या का नाचतायत? बोलतंय कोण?"

त्यांनी बाकीची यंत्रे थांबवली आणि स्पीकर लावला.

"दादा, पोट आत घे! कपाटापेक्षा तूच जास्त अडकलायस! वहिनी, हसा की, पैसे पडत नाहीत! अय्या, हा कुत्रा कुणाचा? बघा, शहाणा एकटाच कॅमेऱ्याकडे बघतोय!" आणि मग खळखळून हसणे.

पडद्यावरचा दादा वैतागून म्हणाला, "तू तोंड बंद कर आधी. सगळं टेप होतंय!"

दुकानातले आजोबा हसता हसता डोळे पुसू लागले. नातीने आत्याआजीकडे वळून पाहिले.

"हा तुझा आवाज? अगं, तू तर माझ्यासारखीच ओरडतेस!"

आत्याआजीने जोरजोरात मान हलवली. आवाज नव्हता, पण तिचे खांदे हसून गदगदत होते. मग तिने भावाच्या पोटाला कोपराने ढोसले. आजोबांनी निमूटपणे पोट आत घेतले!

फीत शेवटपर्यंत चालली, मित्रांनो. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत आनंदाचा दिवस!

तुमच्याही घरात, एखाद्या कपाटात जुन्या कॅसेट असतील. फितीला बुरशी लागते, ती चिकटते, तुटते. म्हणून आजच मोठ्यांना विचारा आणि त्या वेळेत उतरवून घ्या. मग सगळे मिळून पाहायला बसा. आणि हो, आवाज चालू ठेवा!