समांतर पट्ट्या

"सर, ओढल्या बघा, ओढल्या!" आफरीन ओरडली आणि तिनं बॅटरीवर टेकवलेलं तारेचं टोक झटकन उचललं.

स्टँडला शेजारीशेजारी लोंबणाऱ्या फॉइलच्या दोन पट्ट्या पुन्हा सुट्या झाल्या. दोन्हींतून एकाच दिशेनं वीज गेली की एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीला जवळ ओढतं, उलट दिशांनी गेली की दूर लोटतं. लोहाऱ्याकडच्या त्या ज्युनिअर कॉलेजात वीरप्पा सर हे नोकरीला लागल्यापासून फळ्यावर शिकवत आले होते. डोळ्यांनी दाखवायला हवा तेवढा प्रवाह प्रयोगशाळेतल्या सेलांनी कधी दिला नाही. आफरीननं अब्बांच्या गॅरेजातून मोटरसायकलची बॅटरी आणली, तेव्हा कुठं जमलं.

बारावीच्या हजेरीपटावर पोरं रग्गड होती, बाकावर ही एकटी. बाकीची लातुरात क्लासला. इथं त्यांचं नुसतं नाव.

"उद्या प्रॅक्टिकलला हेच मांडू, सर?"

"मांड की. बाहेरचे परीक्षक येणार हायेत. पट्ट्या का ओढतात, इचारतील."

"झोपेत इचारा म्हणावं!"

दुसऱ्या दिवशी लातूरहून गाड्या भरून पोरं आली. त्यांच्या नव्याकोऱ्या गणवेशांवरच्या घड्यांच्या खुणासुद्धा गेल्या नव्हत्या. सभागृहात बसून त्यांनी फळ्यावरचे आयते आकडे उतरवून घेतले. परीक्षक प्राचार्यांच्या खोलीत जेवायला बसले. प्रयोगशाळेत आफरीन मात्र पंखा बंद करून घामाघूम उभी होती. पंख्याच्या वाऱ्यानं पट्ट्या हलत होत्या ना.

वीरप्पा सर खोलीत गेले. "साहेब, एक पोरगी प्रयोग मांडून थांबलीय. दोन मिनिटं चला."

"समांतर तारांचाच ना? पाठ आहे हो आम्हाला," परीक्षक हात पुसत हसले. "सह्या उरका, मला अजून पुढचं कॉलेज गाठायचंय."

प्राचार्यांनी गुणपत्रक पुढं सरकवलं. वरपासून खालपर्यंत सगळ्यांना पैकीच्या पैकी.

"हिला वेगळं काय द्यायचं, सर?" प्राचार्य म्हणाले. "पैकीच्या पैकीच्या वर तर काही नसतं."

"मग बाकीच्यांचे कमी करा."

"त्यांच्या नावांवर तुमची तुकडी टिकलीय. तुकडी गेली की तुम्हीही घरी."

वीरप्पा सरांनी सही केली. पेनाचं टोपण लावून ते प्रयोगशाळेकडं निघाले.

"आले का, सर?" ते दारात दिसताच आफरीननं तारेचं टोक हातात घेतलं.

"न्हाय येणार ते. तुला पूर्ण मार्क पडलेत."

तिचा चेहरा क्षणभर उजळला. मग तिनं हळूच विचारलं, "न बघताच? आन् त्या सभागृहातल्यांना?"

"तेवढेच," म्हणत सरांनी पंख्याचं बटण दाबलं.

"मग म्या वर्षभर कशाला येत होते, सर?"

तिनं तारा सोडवल्या, बॅटरी उचलली. सरांनी मदतीला हात पुढं केला, तेव्हा तिनं ती छातीशी धरली आणि "येते" न म्हणता निघून गेली.

सर व्हरांड्यात आले. लातूरच्या पोरी घोळका करून फोटो काढत होत्या. त्यांतली एक रिकामी बाटली घेऊन सरांपाशी आली.

"शिपाईकाका, पाणी कुठं मिळंल?"

वीरप्पा सरांनी तिच्या हातातली बाटली घेतली आणि मागच्या नळावर जाऊन भरून आणून दिली.