निर्ण्याहून आणलेले

निंबर्ग्याला मी दुसऱ्यांदा आले, ती प्रयोगशाळेत चूक झाली असावी या आशेने. साल दोन हजार आठ.

निर्ण्याच्या ओढ्यातले तांबडे खेकडे संपत आले होते. उरलेले इतक्या जवळच्या नात्यातले होते की माद्या अंडी धरत, पण पिल्लं जगत नसत. बाहेरून नवं रक्त आणायला हवं होतं. ते कुठे मिळेल हे कळावं म्हणून आम्ही चार वर्षं खपून या खेकड्याचे मार्कर तयार केले. मार्कर म्हणजे डीएनएवरच्या काही खुणेच्या जागा. त्या ताडून पाहिल्या की कोण कोणाच्या किती जवळचं ते समजतं.

निर्ण्याबाहेर हा खेकडा एकाच ठिकाणी सापडला होता, निंबर्ग्यात म्हाताऱ्या बाणूबाईंच्या शेतातल्या विहिरीत. पण दोन्हीकडचे नमुने एकाच घरचे निघाले. दोन गावांत एवढं अंतर असताना हे पटत नव्हतं. नळ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असतील, असं मी धरून चालले होते.

बादलीत सहा खेकडे जमले. नमुन्यासाठी पायाची टोकं कापायला मी कात्री काढली.

“पुन्यांदा कामून पाय तोडायलीस गं?” काठावर बसलेल्या बाणूबाईंनी विचारलं.

“तुमचे खेकडे निर्ण्यासारखेच निघालेत, अव्वा. कायतरी चुकलंय.”

“चुकतंय कशाला? निर्णा माझं माहेर हाय. लगीन झाल्यावर पयल्या पंचमीला गेल्ते, येताना घागरीत घालून आणले. खेकडे असले की झरे मोकळे ऱ्हातेत, माय म्हणायची.”

“किती आणले?”

“चार-पाच. एक वाटंतच मेला.”

“आधी सांगायचं न्हाई व्हय?”

“तू इचारलीस कुठं? आलीस, पाय तोडलीस, गेलीस.”

मी कात्री पिशवीत टाकली. मार्कर चोख होते. त्याचा आनंद व्हायला हवा होता.

“मग ह्यांना तिकडं नेऊन उपेग न्हाई, अव्वा. सगळे एकाच रक्ताचे.”

“आमच्यात मामाला भाची देत्यात की. तुझ्या खेकड्यालाच कामून चालंना?”

मला हसू आलं. “दर पिढीला तसंच, आन् बाहेरचं कुणीच न्हाई, तर?”

त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं. “मग आता?”

“दुसरीकडं हुडकायचं.”

कुठे, ते मला माहीत नव्हतं. बादली दोराने खाली सोडली आणि पाण्याला टेकल्यावर कलती केली. दोन खेकडे बाहेर पडले. बाकीचे बादलीच्या तळाशी एकमेकांना धरून बसले होते, म्हणून मी दोर हलवत राहिले.